रुळांची कागदपत्रे जनतेपुढे ठेवा!

मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग हा मराठवाड्याचा कणा होय. हा कणा गेली सव्वाशे वर्षे एकेरी राहिला. आता तो दुहेरी होणार असे सरकार सांगते. केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२३ रोजी मुदखेड–मेडचल या टप्प्याच्या दुहेरीकरणास संमती दिली आणि ३१ जुलै २०२५ रोजी छत्रपती संभाजीनगर–परभणी या १७७ किलोमीटरच्या टप्प्यास. मनमाडनजीकच्या अंकाईपासून संभाजीनगरपर्यंतचे काम त्यापूर्वीच मंजूर झालेले होते. परभणी–मुदखेड हा ८१ किलोमीटरचा तुकडा दुहेरी होऊन गेलेला आहे, आणि मेडचलपासून सिकंदराबादेकडील तुकडा हैदराबादच्या उपनगरी वाहतुकीच्या योजनेत आटोपला. हे सारे तुकडे नकाशावर एकापुढे एक मांडले म्हणजे संबंध मार्ग दुहेरी करण्याचे तत्त्व सरकारने अखेर मान्य केले, असे म्हणावयास हरकत नाही.

या निर्णयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु तत्त्व मान्य होणे निराळे आणि रूळ पडणे निराळे, हे मराठवाड्यातील आणि सीमाभागातील जनतेला कोणी शिकवावयास नको. तिने मंजुऱ्या पुष्कळ पाहिल्या, कोनशिलाही पुष्कळ पाहिल्या. म्हणून ज्या नगरीतून या लोहमार्गांचा कारभार चालतो त्या हैदराबाद–सिकंदराबादच्या इतिहासाची साक्ष काढूनच आज आम्ही एक रोखठोक मागणी मांडू इच्छितो. रेल्वेने प्रत्येक मार्गाचा पैसा, मुदत आणि जबाबदार अधिकारी ही तिन्ही जनतेपुढे उघड ठेवली पाहिजेत.

१८८३ सालचा धडा

हैदराबाद संस्थानात वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग १८७४ साली खुला झाला. मुंबई–मद्रास या हमरस्त्याला सिकंदराबादची छावणी जोडली जावी ही त्यामागची इंग्रजांची निकड होती, आणि पैसा मात्र संस्थानचा होता. पुढे १८८३ साली सर सालारजंग वारले. निजाम मीर महबूब अली खान त्या वेळी अज्ञान होते. अशा अवस्थेत हा मार्ग लंडनमधील एका कंपनीच्या हवाली करावा, तो चांद्याच्या दिशेने वाढवावा आणि कंपनीच्या भांडवलावर संस्थानच्या तिजोरीतून व्याजाची हमी द्यावी, अशी योजना पुढे आली. गाड्या चालोत वा न चालोत, नफा होवो वा तोटा, भागधारकांस वीस वर्षे शेकडा पाच मिळालेच पाहिजेत अशी ही हमी! जोखीम रयतेची आणि लाभ लंडनचा, असा हा सरळ हिशेब होता.

त्या वेळी हैदराबादच्या काही सुशिक्षित नागरिकांनी एकच प्रश्न केला: कराराच्या अटी काय आहेत? आगगाडीला त्यांचा मुळीच विरोध नव्हता. योजनेची कागदपत्रे लोकांपुढे ठेवा, त्यांवर चर्चा होऊ द्या आणि मग सही करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांनी या मागणीत पुढाकार घेतला. पुढे निजाम कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलेल्या महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य आणि सरोजिनी नायडूंचे पिताजी. त्यांना उत्तर काय मिळाले? संस्थानातून हद्दपारी! पुढे त्यांना परत बोलावण्यात आले ही गोष्ट खरी, पण करार व्हायचा तो झालाच. कंपनीने रूळ प्रथम वरंगळकडे आणि तेथून बेझवाड्याकडे नेले. ज्या चांद्याच्या नावाने हे प्रकरण गाजले, त्या बाजूचा काझीपेठ–बल्लारशा हा सांधा पुरा व्हावयास १९२० चे दशक सरत आले. कंपनीकडून रेल्वे विकत घेण्यास संस्थानला १९३० साल उजाडले.

या प्रकरणात हैदराबादच्या नागरिकांनी जो प्रश्न विचारला, तोच आजही लोहमार्गाच्या प्रत्येक योजनेला विचारावा लागतो. पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा आणि लाभ कोणाचा? आज कंपनी नाही, निजाम नाही, हद्दपारीही नाही. सरकार आमचे आहे. परंतु म्हणूनच हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आज अधिक आहे आणि त्याचे उत्तर न देण्याचा अधिकार कोणासही नाही.

रुंद रुळांसाठी लागलेले शतक

गोदावरी खोऱ्यातून मनमाडपर्यंत जाणारा मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. तो मीटरगेज होता. खर्च वाचला, पण त्या काटकसरीची किंमत मराठवाड्याने शंभर वर्षे मोजली. परभणी–जालन्याचा कापूस मुंबईस धाडावयाचा तर मनमाडास मीटरगेजच्या वाघिणीतून उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवावा लागे. हमाली दुप्पट, विलंब दुप्पट, नुकसानीची भीती निराळीच! कारखानदार अशा ठिकाणी येतो कशाला? मराठवाडा मागास का राहिला याची कारणे शोधणाऱ्यांनी जमिनीचा कस आणि पावसाचे मान जसे पाहिले, तशी दोन रुळांमधली ही रुंदीही मोजली पाहिजे.

रुंदीकरणाची मागणी मराठवाडा जनता विकास परिषदेच्या व्यासपीठावरून गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. निवेदने झाली, परिषदा झाल्या, आंदोलने झाली. मनमाडकडून प्रत्यक्ष रुंदीकरण सुरू झाले ते १९९० च्या दशकात, आणि निजामाबादमार्गे सिकंदराबादपर्यंत रुंद रूळ पोहोचेतो नवे शतक सुरू झाले होते. पूर्णा–हिंगोली–अकोला हा मार्ग २००८ साली रुंद झाला.

रुंदीकरण झाले, पुढे विजेच्या ताराही आल्या, मग दुहेरीकरणाची एवढी निकड काय, असे कोणी विचारील. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर दुसरीला स्थानकाच्या बाजूच्या रुळावर तिची वाट पाहत उभे राहावे लागते. एका गाडीस उशीर झाला की त्याचा भुर्दंड पाठोपाठच्या सगळ्या गाड्यांना बसतो. इंजिन विजेचे असले म्हणून समोरची गाडी बाजूला होत नाही! अशा मार्गावर नवी गाडी मागावी तर 'क्षमता संपली' असे उत्तर येते, आणि मालगाडी वाढवावी तर प्रवासी गाडी रखडते. म्हणजे दुसरा रूळ हा मराठवाड्याचा चोचला नव्हे. त्यावाचून पहिल्या रुळावर केलेला खर्चही अर्धामुर्धाच फळतो.

लोहमार्गावरील गुंतवणुकीचे मोल केवळ तिकिटांच्या उत्पन्नात मोजणाऱ्यांना आम्ही लातूरची आठवण देऊ. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर पाण्यावाचून तडफडत होते तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. मिरज, कुर्डुवाडी आणि लातूर यांना जोडणारा हा मार्ग एके काळी बार्शी लाइट रेल्वेचा चिमुकला नॅरोगेज मार्ग होता. तो आधीच रुंद झाला होता म्हणूनच त्या टाक्या थेट लातुरास पोहोचल्या. हे रुंदीकरण आणखी दहा वर्षे लांबले असते तर? नफ्यातोट्याच्या कोणत्या रकान्यात तो हिशेब लिहिला गेला असता?

दोन मालकांचे एक घर

अलीकडे नव्या मार्गांचा खर्च केंद्राने आणि राज्याने वाटून घ्यावयाचा, अशी रीत पडली आहे. तत्त्वतः ती वाईट नाही. परंतु ती कशी फसते हे खुद्द हैदराबादेतच पाहावयास मिळते. तेथील एमएमटीएस ही उपनगरी गाडी ऑगस्ट २००३ मध्ये सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा ठरला तेव्हा दोन हिस्से राज्याने आणि एक हिस्सा रेल्वेने द्यावयाचा, असा करार झाला. २०१२-१३ च्या सुमारास मंजूर झालेल्या या टप्प्यात राज्याच्या हिश्श्याचा पैसा रखडला, कामे अडली, आणि दोन्हीकडून एकमेकांकडे बोट दाखविण्यात वर्षांमागून वर्षे गेली. अखेर सिकंदराबाद–मेडचल ही सेवा एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली आणि सनतनगर–मौलाअली मार्गाचे उद्‌घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. राजधानीच्या शहराची ही कथा! मग ज्या भागाला राजधानी दूर, त्याची काय कथा असेल?

ती बीडकरांना विचारावी. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर)–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला. त्या वेळी त्याचा अंदाजी खर्च ३५३ कोटी रुपये होता. आष्टीपर्यंत गाडी गेली सप्टेंबर २०२२ मध्ये. बीड शहरात ती पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी. परळीपर्यंतचा टप्पा त्या दिवशीही बाकीच होता आणि खर्चाचा आकडा सुमारे ४,८०० कोटींवर गेला होता. विलंबाने पैसा वाचत नसतो. तो तेराचौदा पटींनी वाढतो आणि दरम्यान एक पिढी गाडीवाचून म्हातारी होते.

सीमाभागाचे दुखणे याहूनही बिकट आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्रात गेला आणि बिदर, भालकी, औराद हा मराठी माणसांच्या दाट वस्तीचा टापू म्हैसूर राज्यात गेला. माणसांच्या मधोमध सीमा आल्या. रूळ मात्र जागचे हलले नाहीत. विकाराबादेहून निघून बिदर, भालकी आणि उदगीर या गावांवरून परळीस जाणारा जुना लोहमार्ग आज तीन राज्यांतून धावतो. नांदेडहून बिदरला आगगाडीने जावयाचे तर परभणी, परळी आणि लातूर रोड असा केवढा तरी वळसा पडतो. नांदेड–देगलूर–बिदर हा सुमारे दीडशे किलोमीटरचा सरळ मार्ग व्हावा ही मागणी म्हणूनच जुनी आहे. पण त्यासाठी दोन राज्यांनी आपापला वाटा द्यावयाचा आणि केंद्राने आपला. देगलूर मुंबईपासून दूर आणि बिदर बेंगळुरूपासून दूर. सीमेवरच्या गावाची दशा 'आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना' अशी होते ती अशी! सीमेचा प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, त्यासाठी आमचा लढा चालूच राहील. परंतु तोवर सीमेच्या दोन्ही अंगांस राहणाऱ्या माणसाला गाडी मिळू नये, असा कायदा कोणी केला आहे?

कारभार कोठून?

आता नांदेड विभागाच्या प्रश्नाकडे वळू. निजामाची रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली आणि तिचा कारभार मुंबईहून चालू लागला. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण-मध्य रेल्वे स्थापन होऊन मराठवाड्याचे रूळ सिकंदराबादच्या हाती गेले. २००३ साली नांदेड हा स्वतंत्र विभाग झाला, पण क्षेत्र तेच राहिले. हा विभाग मध्य रेल्वेस जोडावा ही मराठवाड्याची मागणी आहे आणि ती रास्त आहे असे आम्हांस वाटते. ज्या राज्याने खर्चाचा वाटा उचलावयाचा, ज्याच्या राजधानीकडे लोकांच्या येरझाऱ्या, त्या राज्यातल्या मार्गांचा विचार परराज्यातील कचेरीत व्हावा हे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखे आहे.

याला उत्तर म्हणून 'व्यवस्थेची घडी मोडेल' असे सांगण्यात येते. घडी पूर्वी कधी मोडली नाही काय? सोलापूर विभाग १९६६ साली दक्षिण-मध्य रेल्वेत घातला गेला आणि १९७७ साली मध्य रेल्वेस परत देण्यात आला. हुबळी विभाग २००३ साली नव्या दक्षिण-पश्चिम रेल्वेत गेला. विशाखापट्टणम येथे नवे क्षेत्र स्थापण्याची घोषणा २०१९ साली झाली तेव्हा विजयवाडा, गुंटूर आणि गुंतकल हे तिन्ही विभाग त्यात घालण्याचे ठरले. त्या क्षेत्राच्या मुख्यालयाची पायाभरणीही ८ जानेवारी २०२५ रोजी झाली. आंध्रासाठी तीन विभाग हलविता येतात, मग मराठवाड्यासाठी एक का हलू नये? आमचा तर संशय असा की, ते तीन विभाग वगळता सिकंदराबादेकडे हैदराबाद, सिकंदराबाद आणि नांदेड एवढेच उरतात, म्हणूनच नांदेड सोडणे जड जात असावे. क्षेत्राचा आकार राखण्यासाठी एखाद्या प्रदेशाला बांधून ठेवणे हा न्याय नव्हे.

तथापि आमच्या वाचकांनी एका भ्रमात राहू नये. कचेरी बदलली की रूळ आपोआप पडतात असे नाही. बीडचा मार्ग मध्य रेल्वेकडेच होता आणि तोही तीस वर्षे रेंगाळला. त्या विलंबाचे माप सिकंदराबादच्या पदरात घालता येणार नाही. शिवाय हैदराबादशी आमचे वैर नाही. या नगरीत मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या नांदला आहे. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी येथे विवेकवर्धिनीचे रोप लावले. काचीगुडा स्थानकावर उतरून मराठवाड्याची किती मुले येथे शिकली आणि मोठी झाली! आजही रुग्ण, विद्यार्थी आणि व्यापारी या मार्गाने ये-जा करतात. मुदखेड–मेडचलचा दुसरा रूळ तेलंगणाच्या निजामाबाद, कामारेड्डीलाही तितकाच हवा आहे. तेव्हा हा झगडा मराठी विरुद्ध तेलुगू असा नाही. तो प्रवासी विरुद्ध दप्तरदिरंगाई असा आहे.

आमच्या मागण्या

१९२४ साली रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून निराळा झाला आणि २०१७ साली तो पुन्हा त्यातच मिळाला. पूर्वी निदान एक दिवस तरी संसदेत रेल्वेची स्वतंत्र झडती होई. आता 'पिंक बुक'मध्ये प्रत्येक मार्गापुढे तरतुदीचा आकडा छापला जातो. परंतु त्या आकड्यावरून सामान्य माणसाला काय उमगणार? जमीन किती ताब्यात आली, पूल किती बांधले, राज्याचा वाटा जमा झाला की नाही, आणि गाडी कोणत्या वर्षी धावणार, हेच त्याला हवे असते आणि नेमके हेच एका जागी सापडत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

पहिली, मनमाड–सिकंदराबाद दुहेरीकरणाचे सर्व टप्पे एकच योजना समजून त्यांचे एकत्र वेळापत्रक जाहीर करावे. मधला एखादा तुकडा एकेरी राहिला तर अडथळा तेथेच साचेल आणि दोन्ही बाजूंचा खर्च वाया जाईल.

दुसरी, या मार्गावरील आणि बीड–परळीसारख्या रखडलेल्या प्रत्येक मार्गाचा प्रगतिपट दर तिमाहीस मराठीतून प्रसिद्ध करावा. तो प्रत्येक मोठ्या स्थानकावर लावावा आणि त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहावे.

तिसरी, केंद्र आणि राज्य यांच्यातील खर्चवाटणीचे करार जनतेस वाचावयास मिळावेत. हिस्सा कोणत्या तारखेस द्यावयाचा हे त्यांत बंधनकारक असावे.

चौथी, नांदेड–देगलूर–बिदर यासारखे सीमेवरून जाणारे मार्ग राज्यांच्या मर्जीवर न सोडता केंद्राने पूर्णतः आपल्या खर्चाने बांधावेत. ज्या केंद्राने सीमा आखल्या त्याने त्या ओलांडण्याची सोयही करावी, हा साधा न्याय आहे.

पाचवी, नांदेड विभागाच्या हस्तांतरणाबाबत होय किंवा नाही असा निर्णय कारणांसह लेखी द्यावा. मौन हा निर्णय नव्हे.

मराठवाड्याच्या आणि सीमाभागाच्या लोकप्रतिनिधींना आमचे सांगणे एवढेच की, त्यांनी नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवितानाची छायाचित्रे थोडी कमी छापवावीत आणि संसदेत हे पाच प्रश्न थोडे अधिक विचारावेत. गाव कोणत्या राज्यात हे न पाहता नांदेड, परभणी, बिदर, भालकी आणि निजामाबाद येथील प्रवासी संघटनांनी एका मंडपात जमावे आणि एक निवेदन करावे. अघोरनाथांनी १८८३ साली अटी पाहावयास मागितल्या तेव्हा त्यांच्या पाठीशी मूठभर माणसे होती, म्हणून त्यांना रातोरात गप्प करता आले. आज तोच प्रश्न लाखो प्रवाशांनी एका आवाजात विचारला तर कोणास गप्प करणार? रूळ आमच्या जमिनीवरून जातात, पैसा आमच्या करातून जातो, तेव्हा कागदही आमच्या डोळ्यांपुढे आले पाहिजेत. ते येईपर्यंत आम्ही मागतच राहणार!